दीड व्होल्ट

मुलुंडच्या सोसायटीतून घेतली तेव्हा
गडद निळी, अशी चकचकत होती
की बॉनेटमध्ये माझाच चेहरा मला जरा बरा वाटला.
दोन हजार नऊचं मॉडेल. सेकंड ओनर.
‘डॉक्टरांच्या घरची आहे,’ एजंट सत्रे म्हणाला,
जणू डॉक्टरांच्या गाड्यांना ताप येत नाही.

चौथ्या दिवशी पवईच्या चढावर
हॉर्न दाबला आणि हेडलाइट मंदावले.
इंडिकेटर लावला की डॅशबोर्डचे दिवे
त्याच्याच तालावर डोळे मिचकावायचे.
वायपर फिरला की तापमानाचा काटा वर,
वायपर थांबला की खाली, काही झालंच नाही असा.
इंजिन मधूनच एखादा ठोका गाळायचं,
आणि पहाटे साडेपाचला, गांधीनगरच्या सिग्नलला,
एकोणतीस माणसांचं रक्त बर्फाच्या पेटीत ठेवून
मी खाली उतरून गाडी कडेला ढकलायचो.
लॅबमधून फोन: नमुने निघाले का?

भांडुपच्या मेस्त्रीने प्लग बदलले.
विक्रोळीच्याने कॉइल.
घाटकोपरच्याने नवी बॅटरी बसवून म्हटलं, आता बघाच.
बघितलं.
डायरीत तेरा हजार सातशे, पुढे प्रश्नचिन्ह,
त्याखाली बायकोच्या अक्षरात: विकून टाका.

मग कुर्ला. कमानीच्या मागे
सीटकव्हरवाला आणि रेडिएटरवाला यांच्या फटीत
परकार ऑटो इलेक्ट्रिक.
म्हातारे परकार खुर्चीत, मोतीबिंदू काढलेल्या
डोळ्यावर हिरवा पट्टा.
काम त्यांची उम्मेहानी करते,
कानामागे टेस्टर, ओढणी कमरेला बांधलेली.
मी डायरी उघडली, तर म्हणाली,
‘काय काय बदललं ते नको.
कधी काय होतं ते सांगा.’

सांगितलं. हॉर्न, वायपर, काटा, सिग्नल.
इतकं सलग मी स्वतःच्या छातीबद्दलही
कुठल्या डॉक्टरला सांगितलं नव्हतं.
खुर्चीतून आवाज आला:
‘इंजान बरा हाय. ह्येला अर्थ मिलत नाय.’

मला आधी ते भलतंच ऐकू आलं.

उम्मेहानीने मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसला,
दुसरी बॉडीच्या उघड्या पत्र्याला टेकवली.
‘लाइट लावा. हॉर्न दाबा. दाबून धरा.’
एक पूर्णांक एकोणपन्नास.
‘इथे शून्याला चिकटून पाहिजे,’ ती म्हणाली,
‘दीड व्होल्ट वाटेतच मुरतोय.
करंट जातो कुठून, ते सगळे बघतात.
परत येतो कुठून, ते कोण बघतं?’
आणि एक जाड काळी केबल घेतली,
एक चिमटा मायनसला, एक पत्र्याला.

हॉर्नचा घोगरा गळा एकदम मोकळा झाला.
हेडलाइट समोरच्या शटरवर पांढरे पडले.
म्हातारे, ज्यांना यातलं काहीच दिसत नव्हतं,
म्हणाले, ‘आला.’

बॅटरीच्या ट्रेखाली एक बोल्ट होता.
तिने तो सोडवला, वायरची कडी बाजूला केली.
खाली रंग. गडद निळा, दाट, चकचकीत.
विकायच्या आधी कुणीतरी वायर काढून,
सगळं छान रंगवून,
रंगावरच पुन्हा आवळली होती.
ज्या रंगात मी चेहरा बघितला, तोच.

पॉलिश पेपरने तिने तो खरवडला,
रुपयाएवढा, पांढरं लोखंड दिसेपर्यंत,
वर बोट भरून ग्रीस.
‘एवढी जागा उघडीच राहू द्या. परत रंगवू नका.’
दीडशे रुपये. सुट्टे नव्हते,
म्हाताऱ्यांनी नोटा चाचपून परत दिल्या, बरोबर.
‘टॅपेट कव्हरमधून ऑइल गळतंय,’ ती म्हणाली,
‘पण ते आमचं काम नाही. पुढच्या गल्लीत विचारा.’

डायरीत ‘विकून टाका’च्या खाली लिहिलं: दीडशे.
प्रश्नचिन्ह काढलं नाही.
मागची डावी काच अजून
वर जाते, खाली येत नाही.