उपाशीपोटी

शिवडीला, कोल्ड स्टोरेजच्या मागे आमची लॅब.
सव्वासातला पहिली बाई येते.
चहा घेतला नाही ना? मी विचारतो.
ती म्हणते, चार दिवस झाले.
फॉर्मवर लिहितो : उपाशीपोटी, होय.

सहभागी क्रमांक एकशे सतरा.
नाव लिहायचं नाही, असा नियम;
पण हातावर गोंदलंय, सुगंधा,
आणि पट्टा नेमका त्याच्याच वर बसतो.
मूठ वळा. उघडा. वळा.

"ह्यात दिसेल का?"
काय?
"ते. मला होतं ते."

अजून शोधतायत, मी सांगतो.
अंगातली सूज मोजतात, सकाळचं कॉर्टिसॉल,
मेंदूला खतपाणी घालणारं एक प्रथिन.
तीनशे जणांचं रक्त हवं,
मग कदाचित एखादी रेघ वर जाईल.
कदाचित मी हळू म्हणतो.

तिला कागद हवाय, साखरेचा असतो तसा,
ठळक आकडा, शेजारी नॉर्मल किती ते.
"सासूबाईंची तीनशेवीस आली
तर घरात कोणी मोठ्यानं बोलेना.
मी आठ महिने भिंतीकडे तोंड करून निजते,
तर म्हणतात, सोंग."

जांभळ्या टोपणाची नळी भरते.
काळपट, सगळ्यांचं असतं तसंच.
आठदा हलके उलटी करायची, जोरात नाही,
पेशी फुटतात.
मग यंत्रात : वर पिवळं, खाली तांबडं.
आई म्हणायची, तुमच्यापायी रक्ताचं पाणी केलं.
ह्याला दहा मिनिटं लागतात.

उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये दोन रॅक.
आजारी. निरोगी.
निरोगी मिळेनात, म्हणून मॅडमनी
गेल्या महिन्यात स्टाफलाच बसवलं.
नऊ प्रश्न होते. झोप लागते का?
मागे चौघे उभे, पोऱ्या चहा वाटत होता.
मी सगळीकडे शून्यावर खूण केली.
नि-चाळीस, ती माझी नळी.

ती कापूस दाबून बसलीय अजून.
बिस्किटाचा पुडा नियमात आहे, तो देतो.
दोन खाते, बाकी पर्समध्ये.
"कागद कधी मिळेल?"
नाही मिळणार, ताई. पान तीनवर लिहिलंय,
तुम्ही सही केलीय.

ती उठत नाही.
मी हजेरीची पावती फाडतो :
तारीख, वेळ, रक्त दहा मिली, शिक्का.
शिक्का वाळेपर्यंत ती फुंकर घालते,
चौघडी करून ब्लाउजात ठेवते.

कार्बन कॉपी माझ्याकडे राहते.