वजन खरं कळवा

दुधाच्या हिशोबाचं कॅलेंडर पालथं घालून
त्याच्या कोऱ्या पाठीवर आम्ही आल्प्स मांडलाय.
डाव्या कोपऱ्यात विमान, मग दोन आगगाड्या,
मग एक पिवळी बस,
जी म्हणे रोज चार वाजून दहा मिनिटांनीच पोचते,
आणि कागद संपता संपता पेन्सिलीचं टिंब : गाव.
नाव घ्यायला तीन व्यंजनं एकदम गिळावी लागतात.
ह्यांना जमत नाही. हे म्हणतात, "आपलं ते वरचं."
वस्ती दोनशे बारा. एक बेकरी, एक चर्च,
डोंगरावर नेणारे दोन पाळणे,
त्यातला एक बुधवारी बंद.
बुधवारचं काय करायचं, यावर आमचं आठवडाभर वाजलं.

एकतीस वर्षं मी नाशिक रोडच्या प्रेसमध्ये
पासपोर्टची पानं मोजली.
बोटाला मेण लावून, गड्डीमागून गड्डी,
कोरी पानं, ज्यांवर अजून कुठला देश उमटला नव्हता.
एक पान कमी भरलं की आख्खा हॉल थांबायचा,
दारं लागायची, चहावर साय धरायची,
आणि पान सापडायचं
शेजारच्या पानाला गप चिकटलेलं.
सुटताना झडती. पर्स उलटी, डबा उघडा.
जगभरची दारं हातांखालून गेली,
घरी एक आलं नाही.
परवा पोस्टमननं आणून दिलं.
सही केली, पाकीट फाडलं,
आणि नाव बघायच्या आधी पानं मोजली.
छत्तीस.
बरोबर.

मग घरमालकीण एगरबाईंचं पत्र :
खोली आहे, शेगडीला लागून. नाश्ता साडेसातला.
भाड्याच्या स्कीसाठी कळवा
उंची, वय, बुटाचं माप, वजन.
ह्यांनी लिहिलं, अडुसष्ट.
मी ह्यांच्याकडे बघितलं,
ह्यांनी खिडकीबाहेरच्या टाकीकडे.
पत्राच्या तळाला आणखी दोन ओळी होत्या, त्या नंतर वाचल्या :
"सगळेच पाहुणे चार-पाच किलो लपवतात. लपवू नका.
खटका सैल बसला तर भर उतारावर पाय सुटतो,
घट्ट बसला तर पडताना सुटत नाही, हाड मोडतं.
कधी धरायचं आणि कधी सोडायचं
हे त्याला तुमच्या वजनावरूनच कळतं."

रविवारी निफाडला गेलो, नणंदेकडे.
थंडीची तालीम, असं हे म्हणाले. पारा चारावर होता.
पहाटे द्राक्षाच्या तारांवर दव गोठून पांढरं झालेलं,
ओळींमधून शेकोट्यांचा धूर, ठिबक चालू,
आणि नंदावा कारभारी रात्रभर जागून
डोळे चोळत बांधावर उभा.
ह्यांनी एक पान तोडलं,
कडेचं पांढरं बोटावर घेतलं, जिभेला लावलं.
"हे असलं बघायला तुम्ही पैसे भरणार?"
कारभारीनं विचारलं.
कोणी बोललं नाही.
मग तोच हसला आणि म्हणाला,
"तिकडून आणू नका म्हणजे झालं. इथं पुरे आहे."

पॅकहाऊसमध्ये क्रेटचा काटा होता.
हे चपला काढून चढले, देवळात चढावं तसे.
ब्याऐंशी.
पेट्या चिकटवणाऱ्या पोरानं मान वर केली,
"क्रेट वजा करू का, काका?"

परतीच्या बसमध्ये हे ओझरपर्यंत गप्प.
मग म्हणाले, लिही. खरं लिही.
पडणार तर आहेच मी. सुटलो पाहिजे.

रात्री मी उत्तर लिहायला बसले.
श्री. विश्राम घुमरे, वय त्रेसष्ट, ब्याऐंशी किलो.
बुधवारी आम्ही बेकरीत बसू.
सौ. घुमरे, वय साठ,
उजवा गुडघा जिन्यावर कुरकुरतो,
चौसष्ट किलो.
पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं.
सहासष्ट.