सात नंबरची विहीर

विहीर म्हणतात तिला,
पण ना रहाट, ना काठ, ना वाकून बघणारं पोर.
दोन इंची प्लास्टिकची नळी, वर कुलुपाचं टोपण,
व्हर्लीन स्टँपरच्या अंगणात, टोमॅटोच्या वाफ्याला लागून.
पिण्यासाठी नाही खोदलेली,
पाण्याचा जबाब नोंदवायला.

दर तीन महिन्यांनी मी येतो.
ओहायो नदीवरचं धुकं अजून कोळशाच्या बार्जवर बसलेलं असतं
आणि ती पायरीवर, कॉफीचा मग घेऊन.
मांडीवर ते चार पानी पत्रक :
'महत्त्वाच्या संज्ञा व त्यांचे अर्थ'.
अग्निशामक केंद्रातल्या सुनावणीत आमच्याच ऑफिसनं वाटलेलं.
बाकीच्यांनी त्यानं वारा घेतला आणि खुर्चीवर सोडलं.
हिनं पेन्सिल चालवली.

'हे प्लूम,' ती विचारते, 'पिसासारखं दिसतं का रे?'
नकाशात, हो. उगमाशी दाट, टोकाला विरळ,
शाळेच्या मैदानाखालून वळलेलं एक निळं पीस.
'मग पक्षी कुठाय?'
मी पंप सुरू करतो.

आढळले नाही, म्हणजे नाही असं नव्हे.
म्हणजे आमच्या यंत्राची नजर तिथवर पोचत नाही.
हे मी तिला पहिल्याच वर्षी सांगून बसलो,
सांगायचं नव्हतं.
तेव्हापासून ती पाणी दुकानातून आणते
आणि टोमॅटो मात्र लावतेच.
खात नाही. लाल झालेले बघते.

रिसेप्टर : दूषित घटक ज्याच्यापर्यंत पोचू शकतो असा सजीव.
समासात तिनं लिहिलंय : मी. डेल. डेलची कुत्री.
मग 'डेल' खोडलंय,
रबरानं नाही, एका सरळ रेघेनं,
हिशेबाच्या वहीत खोडतात तसं, खालचं वाचता यावं म्हणून.

एकोणीस वर्षं ती प्लेटिंगच्या कारखान्यात टायपिस्ट होती.
पिंपांबरोबर जाणारी चलनं तीच भरायची,
सहा प्रती, शेवटची इतकी फिकट
की उजेडाला धरावी लागे.
पाळण्यापासून थडग्यापर्यंत, असं म्हणतो कायदा, कचऱ्याबद्दल.
पहिला रकाना जनकाचा, ज्याच्या हातून तो जन्मला.
जनकाला सवड नसायची.
जनकाकरिता, व्ही. स्टँपर.

काही पिंपं चलनावाचूनच निघायची, रात्री, मागच्या फाटकानं.
कुठं पाणी मुरतंय हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.
किती मुरलं, एवढंच आम्ही मोजतो.

पुढं जनकानं कंपनी विकली, घेणाऱ्यानं बुडवली,
आणि तिसऱ्या पानावर त्या खर्चाला शब्द आहे :
अनाथ वाटा.
देणं आहे, देणारा उरला नाही.
ती हसते, खोकते, परत हसते.
'बाप पळाला,
आणि कागदावर राहिले मी.'

चाळीस मिलीची बाटली काठोकाठ भरायची,
पाणी फुगून वर येईतो.
मग टोपण. मग उलटी करून टिचकी.
बुडबुडा दिसला तर नमुना बाद.
'का?'
आतलं द्रव्य उडून जातं त्या हवेत.
'एवढ्याशा?'
एवढ्याशा.
ती मान वळवते,
तळघराच्या खिडकीकडे,
जिथं डेल सगळा हिवाळा दारं लावून
लाकडाची बदकं कोरायचा.
मी दुसरी बाटली भरतो. हिच्यात बुडबुडा येतो.
पुन्हा भरतो.

शेवटी ताब्याचा कागद : दिले, घेतले, तारीख, वेळ.
'दिले'खाली माझी सही लागते.
ती हात पुढं करते, पेनसाठी.
नियमात बसत नाही. फेब्रुवारीतही बसलं नव्हतं.
व्ही. स्टँपर.
आधी 'करिता' नाही.
आठ सतरा.

लॅबमधून फोन येईल, ही कोण म्हणून.
गेल्या वेळी मी म्हणालो, विहिरीची मालकीण.
विहीर तिची नाही.
नळी, कुलूप, आतलं पाणी, सगळं आमच्या यादीत आहे.