सात पेंग्विन, एक अस्वल

खोकं हेलिकॉप्टरनं आलं, अकरा दिवस उशिरा,
कोपनहेगनच्या गोदामाचा शिक्का, एक कोपरा चेपलेला.
आत मुखवटे.
अस्वल एक,
वॉलरस एक, त्याचा डावा सुळा वाटेतच मोडलेला,
आणि पेंग्विन सात.

उपेर्नाविकच्या शाळेत, व्यायामाच्या खोलीत
मुलं गोल बसलेली,
प्रत्येकाच्या बुटांभोवती वितळल्या बर्फाचं
एकेक छोटं तळं.
थोरवाल्डनं मुखवटा उचलला, उलटापालटा केला.
"हा कोण?"
पेंग्विन, मी म्हटलं. ध्रुवावर राहतो.
"कुठल्या?"

दुसऱ्या, म्हटलं मी,
आणि माझे कान तापले.
पृथ्वीच्या पार तळातले सात पाहुणे
मी वरच्या टोकाला घेऊन आले होते
नाटक शिकवायला.

बरं, असू दे. आता सगळे अस्वल व्हा!
मी हात फाकवले, बोटांची नखं केली,
पोटातून डरकाळी काढली.
आमच्याकडे चौथीचा वर्ग यावर लोळण घेतो.
इथं कुणी हललं नाही.
हसू दाबायला थोरवाल्डनं टोपीच तोंडात कोंबली.
शेवटी इनालुक बोलली,
धाकट्या भावंडाला समजवावं तसं,
"असं ओरडलीस तर सील पळेल ना."

मग ती पालथी झाली.
हनुवटी फरशीला, कोपरं अंगालगत.
एक वीत सरकली. थांबली.
एक वीत. थांबली.
एक पंजा हळूच नाकावर ठेवला.
"नाक काळं असतं," ती कुजबुजली, "बाकी सगळं पांढरं."

समोर निळ्या गादीखाली उल्लोरियाक.
तीन आठवड्यांत हा मुलगा माझ्याशी चकार शब्द बोलला नव्हता.
आता गादीच्या फटीतून
त्याचा फक्त श्वास वर येत होता.
फूस्.
बराच वेळ काही नाही.
फूस्.

वीस वर्षं मी शिकवत आलेय,
रंगमंचावर सतत काहीतरी घडलं पाहिजे.
चार मिनिटं काहीही घडलं नाही
आणि चौदा मुलांनी आपले श्वास
त्या एका श्वासाच्या हवाली केले होते.
भिंतीवरचा हीटर टकटकला
तेव्हा मलाच त्याचा राग आला.

इनालुक झेप घेणार, आता घेणार,
आणि ती थबकली.
फरशीला कान लावला.
हात-पाय रुंद पसरून, सगळं वजन वाटून टाकत,
आली तशी मागे सरकू लागली.
"बर्फ पातळ आहे," म्हणाली.
हे आमच्या गोष्टीत नव्हतं.
कुणी हसलं नाही, कुणी का म्हणून विचारलं नाही.
त्या फरशीच्या खाली काहीतरी होतं
जे वर्गात एकट्या मला ठाऊक नव्हतं.
उल्लोरियाकनं गादीखालून हात बाहेर काढला
आणि तिच्या बोटांना नुसता लावला.
सील अस्वलाला असा हात लावत नाही,
पण मी दुरुस्त केलं नाही.

पेंग्विनांचं काय करायचं
ते थोरवाल्डनं ठरवलं.
ते वाट चुकून आलेत.
रांगेनं येतात, सगळ्यांना नमस्कार करतात,
घरी जायचा रस्ता विचारतात,
कुणाला सांगता येत नाही.
सहा जणांची नावं त्यानं फळ्यावर लिहिली,
सातवा मुखवटा माझ्या हातात दिला.
"तू. आणि ओरडायचं नाही."

प्रयोगाच्या दिवशी सूर्य
परत येऊन जेमतेम आठवडा झाला होता.
आयांच्या मांडीवर बाळं, बाकांवर म्हातारे,
खोलीभर कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा वास.
रांगेच्या शेवटी मी उभी,
रबर कानामागे काचत होतं,
डोळ्यांची भोकं जरा दूर-दूर पडलेली.
त्यातल्या उजव्या भोकातून दिसलं,
इनालुक एक वीत सरकली, थांबली,
आणि तिसऱ्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शिकाऱ्यानं,
तिच्यावरची नजर न काढता,
आपला हात उचलून
हळूच नाकावर ठेवला.