मधली अक्षरं

तांबडा रंग, त्यावर पांढरा पट्टा,
पट्ट्यात नागमोडी रुपेरी रेघ.
तोक्योची भुयारं संपवून
हे डबे जहाजातून ब्वेनोस आयरेसला उतरले
तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.
रांकाग्वाचं वर्कशॉप, रात्रपाळी.
म्हातारा ब्रुसोने म्हणाला, "एवारिस्तो,
हिला स्पॅनिश येत नाही,
पण वीज सगळ्यांचीच भाषा बोलते."

कार्बनचे ब्रश बदलणं
तर माझ्या डाव्या हातचा मळ.
मोटर नुसती गुणगुणली
तरी कुठलं बेअरिंग कुरकुरतंय, सांगायचो.
एकच गोष्ट कळली नाही:
दाराच्या काचेखालची ती पाटी.
काळी, दाटीवाटीची अक्षरं.
कुणी काढली नाही, कुणी वाचली नाही.
गाडी सोडण्याआधी मी तिच्यावरून अंगठा फिरवायचो.
आई दाराआड ऑलिव्हची वाळकी डहाळी टांगायची,
तसंच असेल काहीतरी,
लांबच्या लोकांचं शुभ.

मागच्या महिन्यात डबे भंगारात निघाले.
चार स्क्रू सोडवून
मी एक पाटी खिशात टाकली,
आणि विसरून
जॅकेट धुलाईला दिलं, नेलिदा आराकाकीकडे.

तिनं पाटी काउंटरवर ठेवली,
सुट्ट्या नाण्यांशेजारी.
"वाच ना," म्हटलं.
चष्मा कपाळावरून खाली आला.
"बाबांनी सोपी अक्षरं तेवढी शिकवली,
तीही इस्त्री तापेपर्यंत.
हे 'दार'.
हे शेवटचं... 'कृपया जपा'.
मधलं नाही येत."

मागे वाफ सुटत राहिली.
बाहेरून कुणीतरी विचारून गेलं
पडदे झाले का.
ती त्या मधल्या अक्षरांवर बोट ठेवून
उगाच शरमली,
जणू घरचंच काही हरवलंय.

मी डावा हात पुढे केला.
करंगळीचं वरचं पेर नाही,
सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात,
याच गाडीच्या दारात.
"मधलं मला येतं," म्हटलं.

आधी ती गप्प.
मग हसली, तोंडावर हात धरून,
मग मीही,
सव्वीस वर्षं अंगठा फिरवत आलेला शहाणा.

जॅकेटचे पैसे घेतले नाहीत तिनं.
ग्रीसचा वास काही गेला नाही, म्हणाली.
पाटी तिथेच राहिली,
तिच्या दुकानाच्या दारावर, हाताच्या उंचीला.
येणारे-जाणारे विचारतात.
ती सांगते, अर्धं.