राखीव किंमत

फोटो सात काढले. समोरून, पाठीमागून,
किल्लीचा वेगळा, काचेच्या तड्याचा वेगळा.
तडा लपवायचा नाही. आधी सांगून टाकला
की गिऱ्हाईक बाकीच्यावर विश्वास ठेवतं.

मल्हारगंजातल्या माझ्या दुकानापुढे रिक्षा थांबली तेव्हा
सीटवर घड्याळ होतं, सतरंजीत गुंडाळलेलं,
आणि सरोजिनी टेंबेकर कडेला, अंग चोरून.
गिरणीच्या फाटकावरचं हजेरीचं घड्याळ.
कार्ड आत सारायचं, दांडी ओढायची, वेळ उमटते:
वेळेत आलात तर काळी, उशीर झाला तर लाल.
वडील टाइमकीपर. गिरणी बंद पडली,
थकलेल्या पगाराच्या बदल्यात हे पदरात आलं.
"सोळाशे गुणिले अकरा महिने," त्या म्हणाल्या,
"तेवढे तरी येतील ना?"

आता भाव.
वीस हजारांनी सुरुवात केली तर कोणी उंबऱ्याशीही थांबत नाही.
रुपयाने केली तर बघे जमतात,
पण बघ्यांनी काही चूल पेटत नाही.
राखीव किंमत आतल्या खिशात ठेवता येते,
तिचे वेगळे पैसे लागतात, आणि गिऱ्हाइकाला तिचा वास येतो.
श्रेयसने जुने लिलाव काढले: मामा, हे बघ,
असंच एक पुण्यात नऊ हजारांना गेलं,
एक बर्मिंगहॅमला साठ हजारांना,
एक भावनगरला गेलंच नाही.
मी म्हटलं, बाळा, भाव वस्तूत नसतो.
एक वेडा असला तर रुपयाला जाते.
दोन वेडे लागतात,
आणि दोघांनाही त्या रात्री झोप नको.

रुपयाने लावलं. राखीव ठेवली नाही. फी वाचवली.

रविवारी, नऊला दोन मिनिटं कमी.
नजर ठेवून सव्वीस जण, बोली चार हजार दोनशे,
कोइंबतूरचा एकटाच वेडा.
बाई समोरच्या स्टुलावर, चष्मा पुसत.
"हे आकडे उलटे का जातात हो?"
वेळ संपत आली की उलटेच जातात, मी म्हणालो.

श्रेयस चहा आणायला गेलेला. त्याचा फोन काउंटरवर, उघडा.
असं करू नये. नियमांत लिहिलंय,
मी स्वतः चार जणांना शिकवलंय की करू नये.
नऊ हजार, मी टाकले.
कोइंबतूर दहा.
मी चौदा.
तो पंधरा, मी सोळा, तो सतरा.
सतरा.
सहाशेच कमी होते फक्त.
मी अठरा दाबले
आणि अकरा सेकंद थांबलो.
कोइंबतूरला झोप लागली असावी.

"अभिनंदन," फोन म्हणाला, "आपण जिंकलात."
चहा घेऊन आलेल्या श्रेयसने फोन पाहिला, मग मला,
आणि गुपचूप कप ठेवला.

बाईंनी नोटा दोनदा मोजल्या.
माझं कमिशन विचारलं. मी म्हटलं, ते त्या माणसाकडून घेतो.
"कोणी घेतलं?"
इथलाच आहे. तसा जरा वेडा.
उठता उठता त्या घड्याळाशी थांबल्या,
तड्यावरून बोट फिरवलं.
"त्याला सांगा, दुरुस्त करू नकोस म्हणावं.
तीन मिनिटं मागे आहे ते.
बाबांनी ठेवलेलं. नाल्यापलीकडून यायची माणसं.
साहेबाला शेवटपर्यंत कळलं नाही."

हे वर्णनात लिहायचं राहिलं होतं.
लिहिलं असतं तर भाव वाढला असता की उतरला असता,
इतक्या वर्षांच्या धंद्यानंतरही मला सांगता येत नाही.

विकणारा म्हणून वेबसाइटने माझे बारा टक्के कापले.
शाईची नवी फीत घातली, लालची खूण साडेदहावर आणली.
साडेदहाचं दुकान. काल मला दोन मिनिटं उशीर झाला.
कार्ड सारलं, दांडी ओढली:
दहा एकोणतीस.
काळ्या शाईत.