थांबायची जागा

जानेवारीतल्या त्या आठवड्यात
मोहननगरच्या हॉलमध्ये सतरंज्या आमच्या असतात,
खुर्च्या मुक्तिफौजेच्या,
माईक पेंटेकॉस्टल पाळकांचा (चालतो तो तेवढाच),
आणि किटली कॅथलिक महिला मंडळाची,
जिच्या कानाला लाल दोरा बांधलेला,
परत करताना ओळखू यावी म्हणून.

डिसेंबरात बैठक झाली.
पाच मंडळ्यांची सात माणसं
आणि इतिवृत्त लिहायला मी, निवृत्त नर्स.
भाकर एकत्र मोडायची नाही, हे आधीच ठरलं,
त्यावर बोललो असतो तर चहासुद्धा एकत्र झाला नसता.
उरलेले दोन तास गेले
गीत उभ्यानं म्हणायचं की बसून, यावर.
मेजर रणपिसे म्हणाले, "आणि ढोल?"
कुरियन अच्चन म्हणाले, "ढोल चालेल. पण हळू."
"हळू ढोल कसा वाजवतेत बापा?"
पाळक उजगरे हसून हसून खोकले.
ते मी लिहिलं नाही.

माझं लग्न मिश्र होतं.
पास्कल कॅथलिक, मी मेथडिस्ट.
शेजारचे विचारत, "मंग? दोघंही ख्रिश्चनच ना?"
हौ. दोघंही.
एकतीस वर्षं, दर दुसऱ्या रविवारी
सदरच्या त्याच्या देवळात
मी बाकाच्या टोकाशी गुडघे वळवून त्याला वाट दिली.
तो रांगेत जायचा, परत यायचा
तोंडात ते घेऊन, न चावता,
आणि विरघळेपर्यंत माझ्याशी बोलायचा नाही.
मी त्याचा चष्मा सांभाळायचे.
तेवढीच माझी सेवा. तेवढंच आमचं भांडण.

तो मे महिन्यात गेला.
दफनभूमीत दुपारचे साडेअकरा,
मातीला हात लावता येत नव्हता.
फादर वाचता वाचता थांबले, घसा कोरडा.
त्यांनी पुस्तक आमच्या पाळकांकडे दिलं,
बोट त्या ओळीवर तसंच ठेवून.
आमच्या पाळकांनी वाचलं,
दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात मीठ शोधावं तसं, चाचपडत,
एका जागी त्यांचा शब्द सोडून
आपल्या सवयीचा शब्द म्हणाले.
फादरनी पाण्याचा घोट घेत मान हलवली.
फावड्यावर टेकलेल्या चिंधूला काही फरक पडला नाही.
पास्कललाही नसावा.

तर, प्रभूची प्रार्थना.
ती त्यांची एक ओळ आधी संपते.
(ती ओळ त्यांच्याकडेही आहे,
पण नंतर येते, मधे फादर काही बोलल्यावर.)
पहिल्या वर्षी अर्धा हॉल आमेन म्हणून उतरला,
गावचा फाटा आल्यावर एसटीतून उतरावं तसा,
आणि आम्ही पुढे गेलो, राज्य, सामर्थ्य,
मागे वळून बघत, आवाज बारीक करत.

यंदा कोणी काही ठरवलं नव्हतं.
बैठकीत विषयच निघाला नाही, माझी वही साक्षीला आहे.
पण त्यांची ओळ संपली
आणि समोरच्या रांगेत रोझलिनबाई थांबल्या,
आमेन तोंडात तसाच धरून.
न चावता.

मी ती पुढची ओळ शाळेआधी शिकलेय,
झोपेतही चुकणार नाही.
मीही थांबले.
माझ्या डावीकडचे दोघं थांबले,
मग मेजर, मग मागचं कोणी.
आम्ही त्यांच्यासाठी, ते आमच्यासाठी,
हॉलभर नुसता दाराशी घोटाळलेला पाहुणचार,
आधी तुम्ही, नाही नाही, आधी तुम्ही.
तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून
कोण्या पोराचा आवाज आला: "ओऽऽ काट!"

पुढे कोणी काय म्हटलं, मला सांगता येणार नाही.
इतिवृत्तात लिहिलंय: प्रार्थना झाली.

रात्री किटली घासताना पाहिलं,
कानाचा दोरा सुटला होता.
मी तो पुन्हा बांधला, दोन गाठी मारून.
ज्याची वस्तू त्याला गेली पाहिजे.
पुढच्या वर्षी मागायचीच आहे.